घरच्या गिटार-सरावाचा छोटा अॅम्प: वॉट नंतर, आधी जॅक

घरी सरावासाठी घेतलेला अॅम्प वॉट कमी पडले म्हणून सहसा कोणी टाकून देत नाही. तो माळ्यावर जातो त्याची कारणं वेगळीच असतात. इनपुट जॅक (गिटारची वायर घालायचं भोक) ढिला होतो, व्हॉल्यूमचं पॉट (नॉबखालचा फिरणारा भाग) खरखरायला लागतं, अॅडॅप्टरची पिन जरा हलली की आवाज जातो, नाहीतर एकदा हेडफोन लावून काढला की स्पीकर पुन्हा बोलतच नाही. हे चारही बिघाड अर्ध्या-एक तासात निघणारे आहेत. अट एवढीच की अॅम्प उघडता आला पाहिजे आणि आतला भाग बाजारात मिळाला पाहिजे. म्हणून नाशिकमध्ये राहून अॅम्प घेणाऱ्याने दुकानात आधी विचारावं ते हे: बिघडला तर इथे कोण उघडेल आणि त्याला काय सामान लागेल? वॉट, इफेक्ट, ब्लूटूथ या गोष्टी त्यानंतर.

तरी वॉटचा हिशेब एकदा कागदावर करून टाका, म्हणजे पुढे कोणी २० च्या जागी ४० वॉटचा गळ्यात मारू शकणार नाही. स्पीकरच्या माहितीत संवेदनशीलता दिलेली असते: १ वॉट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो. गिटारच्या चांगल्या १२ इंची स्पीकरचा हा आकडा ९५ ते १०० असतो. सेलेस्चन या स्पीकर कंपनीच्या ग्रीनबॅकचा ९८ आहे, व्हिंटेज ३० चा १००. आपण ९५ धरू. वॉट दहापट केले की १० डेसिबल वाढतात आणि कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. वॉट नुसते दुप्पट केले तर वाढ होते फक्त ३ डेसिबलची. आता हाच हिशेब खाली आणा. ८५ डेसिबलला ०.१ वॉट पुरतो, ७५ डेसिबलला ०.०१ वॉट. ७५ डेसिबल म्हणजे बंद खोलीत गिटार भरून ऐकू येते आणि बाजूच्याला बोलताना आवाज चढवावा लागतो. म्हणजे घरात रोजचा सराव होतो तो एका वॉटच्या शंभराव्या भागावर. छोट्या ६ इंची स्पीकरची संवेदनशीलता कमी असते, त्याला याच्या चार-पाच पट लागेल, तरीही अर्धा वॉटसुद्धा होत नाही. ५ वॉटचा व्हॉल्व्ह अॅम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा) त्याच ९५ च्या स्पीकरवर पूर्ण उघडला तर १०२ डेसिबल होतात. सिडकोत जिथे दोन घरांची भिंत एकच असते, तिथे तो पहिल्या दिवशीच बंद करावा लागेल.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव हे शहर आनंदाने ऐकतं, पण एकच चार मात्रांची ओळ पन्नास वेळा ऐकणं ही वेगळी गोष्ट आहे. शिवाय सातपूर-अंबडची तिसरी पाळी करून आलेला शेजारी सकाळी दहाला झोपलेला असतो. त्यामुळे हेडफोनची सोय ही चैन नव्हे, ती गरज समजा.

थोडक्यात, घरासाठी ३ ते १५ वॉट भरपूर झाले. त्यापेक्षा मोठा घ्यायचाच तर आउटपुट कमी करायची सोय असलेला घ्या. बॉस कटाना ५० मध्ये ५०, २५ आणि ०.५ वॉट अशी निवड करता येते आणि घरी तो ०.५ वरच राहतो. अॅम्पवर गेन आणि मास्टर अशी दोन वेगळी बटणं असणं मात्र आवश्यक आहे. गेनने आवाजाचा पोत फाटका होतो, मास्टरने तो किती जोरात ऐकू येणार ते ठरतं. एकच व्हॉल्यूम असलेल्या साध्या अॅम्पवर फाटका आवाज हवा असेल तर तो जोरातच मिळतो.

खोक्यावरचे वॉट वाचताना दोन ठिकाणी फसायला होतं. 'पीएमपीओ' असं लिहून दिलेले शेकड्यातले आकडे सरळ सोडून द्या, त्यांना अर्थ नाही. आरएमएस वॉट, म्हणजे सलग मिळणारे खरे वॉट, विचारा. आणि पाठीमागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या शेजारी जे वॉट छापलेले असतात ते अॅम्प विजेच्या बोर्डातून किती घेतो ते सांगतात, स्पीकरला किती देतो ते नाही. नाशिकमध्ये विजेचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात काम करणारं माणूस जवळपास प्रत्येक ओळखीच्या घरात सापडतं. ही पट्टी त्यांना दाखवा, एका मिनिटात उलगडून सांगतील.

स्पीकरचा आकार वॉटपेक्षा जास्त फरक पाडतो. गिटारची जाड ई तार मोकळी वाजवली की मूळ स्वर ८२ हर्ट्झचा असतो. ३-४ इंची स्पीकरला तो नीट हलवता येत नाही. डिजिटल अॅम्प गणिताने भरपाई करतात आणि ऐकायला ती गोडही लागते, पण उजव्या हाताचा जोर, पाम म्यूट (तळहात तारांवर टेकवून वाजवणं), तार दाबण्याची ताकद यांतला फरक ८ इंचीवर जास्त स्वच्छ कळतो. शिकणाऱ्याने तो फरक ऐकणं गरजेचं आहे. जागा असेल तर ८ इंची घ्या, नसेल तर साडेसहा इंची. त्याखाली जायचं ते फक्त प्रवासासाठी किंवा हॉस्टेलसाठी.

आत काय आहे त्यावरून तीन जाती

साधे अॅनालॉग ट्रान्झिस्टर अॅम्प टिकाऊपणाच्या हिशेबात आमची पहिली पसंती आहेत. व्हॉक्स पाथफाइंडर १०, फेंडर फ्रंटमन १०जी, मार्शलचा एमजी१०, ऑरेंज क्रश १२ हे या वर्गातले. स्ट्रेंजरसारख्या भारतीय कंपन्यांचे छोटे अॅम्पही आहेत. १०-१५ वॉटच्या या वर्गात शेवटच्या टप्प्याला बहुतेक एकच पॉवर आयसी असतो. टीडीए२०३०, टीडीए२०५०, एलएम१८७५ हे त्यातले नेहमीचे. आधीच्या टप्प्यात ४५५८ किंवा टीएल०७२. हे आयसी टीव्ही आणि म्युझिक सिस्टिम दुरुस्त करणाऱ्या कोणत्याही जुन्या कारागिराच्या हाताखालून गेलेले असतात, सुट्या भागांच्या दुकानात सहज मिळतात आणि महागही नाहीत. पॉट, जॅक, डायोड, कपॅसिटरचंही तेच. अशा अॅम्पला गिटारचा खास जाणकार लागत नाही. घराजवळचा रेडिओ-टीव्हीवाला पुरतो. बदलताना एकच जपायचं: खरा जुना टीडीए२०३० जास्तीत जास्त ±१८ व्होल्ट सोसतो. १२-०-१२ च्या ट्रान्सफॉर्मरवरच तो ±१६-१७ ला चाललेला असतो. ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणून दुकानात १५-०-१५ मिळाला तो बसवला, तर आयसी लगेच जाईल.

डिजिटल मॉडेलिंग अॅम्प (निरनिराळ्या अॅम्पचे आवाज गणिताने बनवणारे) म्हणजे रोलँड मायक्रो क्यूब जीएक्स (३ वॉट, ५ इंची), बॉस कटाना मिनीसारखे बॅटरीवर चालणारे छोटे (कटाना मिनी आतून अॅनालॉग आहे, पण विकला याच रांगेत जातो), यामाहाची टीएचआर मालिका, पॉझिटिव्ह ग्रिड स्पार्क. आवाज भरपूर प्रकारचे, हेडफोनवर ऐकायला फार चांगले. सोसायटीत राहणाऱ्याने, रात्रीच वेळ मिळणाऱ्याने हेच घ्यावेत. किंमत कशाची मोजतोय ते मात्र माहीत असू द्या: प्रोसेसरचा बोर्ड गेला तर तो इथे दुरुस्त होत नाही, पूर्ण बोर्ड कंपनीकडून मागवावा लागतो. म्हणून बिल, हमीपत्र आणि मूळ खोकं थर्माकोलसकट जपून ठेवा. बॅटरीवर चालणारा घ्यायचा तर मायक्रो क्यूब किंवा कटाना मिनीसारखा सहा पेन्सिल सेलवर चालणारा टिकायला बरा. आत चिकटवलेली लिथियम बॅटरी काही वर्षांत उतरते आणि तोवर त्या मॉडेलची बॅटरी मिळेलच असं नाही. सेल महिनाभर वापरायचे नसतील तर काढून ठेवा. गळलेल्या सेलचा क्षार स्प्रिंग खातो.

व्हॉल्व्ह अॅम्प हौसेने घ्यावा, सोय म्हणून नाही. एका ६व्ही६ किंवा ईएल८४ वर चालणारे ५ वॉटच्या आसपासचे अॅम्प वाजवायला अतिशय सुंदर असतात. पण व्हॉल्व्ह झिजतात, इथे काउंटरवर मिळत नाहीत, आणि वर हिशेब केला तसे ते घराला मोठेच पडतात. आत ३००-४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते काही काळ राहतात. ज्याला माहीत नाही त्याने तो उघडू नये. स्पीकर न जोडता तो चालू करू नये, नाहीतर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

होम थिएटर किंवा ब्लूटूथ स्पीकरवर भागवण्याचा विचार अनेकांच्या मनात येतो. गिटारच्या पिकअपला (तारांची कंपनं पकडणाऱ्या, त्यांच्या खालच्या भागाला) पुढे साधारण १ मेगओहमचा इनपुट लागतो. होम थिएटरचा ऑक्स (बाहेरचं यंत्र जोडायचा जॅक) १० ते ५० किलोओहमचा असतो, त्यामुळे वरचे स्वर मरतात आणि गिटार ब्लँकेटखालून वाजल्यासारखी वाटते. ब्लूटूथमध्ये आवाज १००-२०० मिलिसेकंद उशिरा येतो. तार छेडल्यावर इतक्या उशिराने ऐकू आलं तर ताल शिकणं अशक्य आहे. अॅम्पमध्ये ब्लूटूथ असेल तर ते मोबाइलवरचं बॅकिंग ट्रॅक वाजवायला वापरा, तिथे उशिराने काही बिघडत नाही.

दुकानात वीस मिनिटं

स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर कोणताही अॅम्प गोड वाजतो. दुकान गर्दीचं असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, कारण यातल्या निम्म्या चाचण्या शांततेतच होतात. एम. जी. रोडच्या बाजूला संध्याकाळी सहानंतर अॅम्पची सिसकारी ऐकू येणं कठीण.

अॅम्प बंद असतानाच सुरुवात करा. उचलून बघा. ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचं चुंबक हीच यातली जड सामग्री. सारख्या वॉटच्या दोन अॅम्पमध्ये ठळकपणे हलका असेल तो का हलका आहे ते विचारा. स्विचिंग सप्लाय (जड ट्रान्सफॉर्मरऐवजीचा हलका वीजपुरवठा) असेल तर ठीक, पण मग तो अॅडॅप्टर वेगळा मिळतो का तेही विचारा. पाठीमागची फळी स्क्रूने बसवलेली आहे की चिकटवलेली? स्क्रू हवेत. कडेला, व्हेंटच्या कापलेल्या तोंडाशी लाकूड दिसतं: थर दिसले तर प्लायवूड, भुसा दाबल्यासारखं दिसलं तर पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफ. पार्टिकल बोर्ड एकदा ओलं झालं की फुगतं आणि स्क्रू धरत नाही. नाशिकचा एप्रिल कोरडा ठणठणीत आणि जुलै दमट, हा फरक दरवर्षी सोसायचा आहे, त्यामुळे प्लायवूडला आम्ही दोन पैसे जास्त द्यायला सांगू. पुढे कापडाऐवजी लोखंडी जाळी असेल तर लहान मुलांच्या घरात बरी.

आता नॉब. प्रत्येक नॉब बोटांत धरून आडवा हलवा. पॉट पॅनलला नटने आवळलेलं असेल तर नॉब जागचा हलत नाही. ढकलल्यावर खालचा बोर्डच हलल्यासारखा वाटला, तर पॉट फक्त सोल्डरच्या पायांवर उभं आहे. बॅगेत टाकून दोन-चार वेळा नेलं की तेच पाय सुटतात. जॅकचंही असंच. धातूचा नट असलेला, पॅनलला घट्ट बसलेला जॅक सर्वात चांगला. प्लॅस्टिकचा नट चालतो, मात्र तो अधूनमधून तपासावा लागतो. नटच नसलेला, बोर्डावर नुसता ठेवलेला जॅक असेल तर तो अॅम्प घेऊ नका. बाकी सगळं आवडलं तरी घेऊ नका. वायरवर पाय पडला की त्या लांब प्लगची तरफ होते आणि सगळा जोर त्या चार सोल्डरच्या ठिपक्यांवर येतो. छोटा अॅम्प मरतो तो याच जागी.

मग चालू करा, गिटार न लावता. गेन आणि मास्टर पूर्ण उघडा आणि कान स्पीकरपासून हातभर ठेवा. सूं अशी सिसकारी येणारच, गेन जास्त असेल तर ती मोठीही असेल. ती चालते. 'घूं' असा खालचा जाड स्वर मात्र नको. जॅकमध्ये काही नसताना बहुतेक अॅम्पचा इनपुट आतूनच जमिनीला (ग्राउंडला) जोडलेला असतो, त्यामुळे तेव्हाही घूं येत असेल तर दोष सप्लायच्या कपॅसिटरचा किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जागेचा आहे. गिटार लावल्यावरच येत असेल तर सिंगल कॉइल पिकअप आजूबाजूचं ऐकतंय. गिटार धरून जागेवरच फिरा, एका दिशेला ही घूं जवळपास बंद होईल. तो अॅम्पचा दोष नाही.

अॅम्प चालू ठेवून मुठीने वरच्या फळीवर दोन-तीन ठिकाणी ठोका. खर्र किंवा टक्क असा आवाज स्पीकरमधून आला तर आत कुठेतरी ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सांधा) आहे. नव्या अॅम्पमध्ये आला तर दुसरा नग मागा. प्रत्येक नॉब शून्यापासून टोकापर्यंत सावकाश फिरवा. खरखर जिथे येते तिथे थांबून ऐका, आणि शून्य ते दोन या पट्ट्यात विशेष लक्ष द्या. घरी मास्टर आयुष्यभर याच पट्ट्यात राहणार आहे. काही स्वस्त अॅम्पमध्ये शून्यावर काही नाही आणि एकावर एकदम शेजारी उठेल इतकं, असं होतं. मधली पायरीच नसते. आवाज अगदी हळू बोलण्याइतका कमी करा आणि तिथेही स्वर स्वच्छ, दोन्ही बाजूंनी सारखा वाढतो-उतरतो का ते बघा. पूर्ण आवाजावर अॅम्प छान वाजतो म्हणून भुलू नका. कमी आवाजात कानाला खर्ज आणि तीव्र स्वर दोन्ही कमी ऐकू येतात, म्हणून घरी ज्या पातळीवर वाजवणार त्याच पातळीवर दुकानात बास-ट्रेबल लावून बघा.

जाड ई तार मोकळी, जोराने, मास्टर निम्म्यावर. झरझर असा कागद फडफडल्याचा आवाज आला तर स्पीकरचा कोन (पुढचा कागदी पडदा) किंवा कॉइल घासतेय, किंवा एखादा स्क्रू ढिला आहे. फळी हाताने दाबून धरल्यावर बंद झाला तर स्क्रू. नाही झाला तर स्पीकर. हेडफोन लावा, स्पीकर बंद झाला पाहिजे. काढा, लगेच परत आला पाहिजे. हे दहा वेळा करा. हेडफोन ३२ ओहम किंवा त्यापेक्षा जास्तीचे असू द्या. कमी ओहमच्या इअरफोनमध्ये सिसकारी फार ऐकू येते. दोन्ही कानांत आवाज येतो का बघा. आणि हेडफोनचा प्लग 'स्पीकर आउट' लिहिलेल्या जॅकमध्ये कधीही घालू नका, हेडफोन क्षणात जळतील.

शेवटी मास्टर निम्म्यावर ठेवून वीस मिनिटं वाजवत राहा. मग पाठीमागे हात लावा. कोमट चालेल, हात ठेवता येणार नाही इतका तापला तर तो आपल्या मेमध्ये, पंख्याखाली, दोन तास टिकणार नाही. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी कमी झालं की ढोबळमानाने दुप्पट होतं. पाठीमागून दिसत असतील तर त्यांच्यावर ८५ किंवा १०५ अंश छापलेलं वाचा. १०५ चे असतील तर बनवणाऱ्याने विचार केलेला आहे.

हमीबद्दल दोनच गोष्टी लेखी घ्या: दुरुस्ती नाशिकमध्ये होणार की बाहेर पाठवावी लागणार, आणि जाण्यायेण्याचं भाडं कोणाचं. इथल्या दुकानात हवा तो अॅम्प लावून बघायला मिळाला नाही तर पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाऊन ऐकून यावं. सीएसएमटीला उतरल्यावर धोबीतलाव चालत जाण्याइतकं जवळ आहे आणि तिथे वाद्यांचं जुनं मोठं दुकान, फुर्टाडोस, आहे. न ऐकता ऑनलाइन मागवायचा तर आल्या दिवशी वरच्या सगळ्या चाचण्या करा, परत करायची मुदत संपायच्या आत.

जुना घेताना

परीक्षा संपल्या, मुलं नोकरीसाठी पुण्याला-बंगळुरूला निघाली की मे-जूनमध्ये चांगले अॅम्प निम्म्या किमतीत निघतात. वरच्या चाचण्यांबरोबर मल्टिमीटर न्या. जिथे स्पीकरच्या वायरी क्लिपने लावलेल्या आहेत तिथे एक काढून स्पीकरचा रोध मोजा: ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, ४ ओहमचा ३.२ ते ३.६. अनंत दाखवला तर कॉइल तुटली आहे. कोनवर दोन्ही अंगठे समान ठेवून हलकेच दाबा. खरखरीत घासलं तर घेऊ नका. स्पीकर आधी कोणी बदललेला असेल तर त्यावरचे ओहम आणि अॅम्पवर लिहिलेले ओहम जुळतात का बघा. ट्रान्झिस्टर अॅम्पवर किमान ८ ओहम लिहिलेलं असताना ४ चा बसवला असेल तर आयसी आजवर तापत आलेला आहे.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या अॅम्पची पट्टी सर्वात आधी वाचा. अमेरिकेतला १२० व्होल्टचा, जपानमधला १०० व्होल्टचा असेल आणि तो थेट आपल्या २३० मध्ये लावला, तर फ्यूज वाचवेलच असं नाही. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो. १५ वॉटच्या अॅम्पला १०० व्हीएचा घ्या. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, हे लक्षात ठेवून सलग वेळ मर्यादित ठेवा. अॅडॅप्टरवर '१००-२४०' लिहिलेलं असेल तर यातलं काहीच लागत नाही, फक्त पिन बदलायची.

घरची वीज

तीन पिनचा प्लग असेल तर तिसरी, मोठी पिन कापू नका आणि दोन पिनचं कन्व्हर्टर लावू नका. गिटारच्या तारा अॅम्पच्या जमिनीला, म्हणजे त्या पिनला जोडलेल्या असतात. अॅम्पमध्ये कधी गळती झाली तर ती पिन नसताना तुमचा हात हाच रस्ता उरतो. जुन्या नाशिकात आणि पंचवटीच्या वाड्यांत अजून दोनच तारांचं वायरिंग असलेल्या खोल्या सापडतात, सॉकेट तीन भोकांचं असतं आणि मागे अर्थची तारच नसते. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये ० ते ५ व्होल्ट. फेज-अर्थ कमी दाखवत असेल तर अर्थिंग नाही किंवा सुटलेलं आहे. अर्थ न्यूट्रलला किंवा नळाच्या पाइपला जोडून देणारा भेटला तर त्याला नको म्हणा. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घेतली तर सगळ्या घराचंच भलं होतं.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल तर छोटा अॅम्प त्यावर खुशाल चालवा, २०-३० वॉटचाच भार आहे. जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो, आणि ती गुरगुर स्पीकरमधूनही येते. वीज येईपर्यंत गिटार तशीच वाजवा. स्पाइक गार्ड लावा, पण मेच्या शेवटचा वळीव आणि जूनची पहिली गडगडाटी सर यांत त्याच्यावर विसंबू नका. प्लग काढून ठेवा. स्विच बंद करणं पुरत नाही.

अॅडॅप्टरवर चालणाऱ्या अॅम्पचा अॅडॅप्टर हरवला तर तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: व्होल्ट तंतोतंत, अँपिअर तेवढेच किंवा जास्त, आणि मधल्या पिनची दिशा. गिटारच्या सामानात मधली पिन अनेकदा निगेटिव्ह असते आणि बाजारातल्या साध्या अॅडॅप्टरची बहुतेक पॉझिटिव्ह. पिन बसली म्हणजे चाललं असं समजून लावलेल्या अॅडॅप्टरने बरेच अॅम्प गेलेले आहेत. ही दिशा दाखवणारी छोटी खूण अॅम्पवरही असते, अॅडॅप्टरवरही. दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पावसाळा आणि रोजची राखण

अॅम्प जमिनीवर ठेवू नका. फरशी पुसताना खालून पाणी लागतं आणि पावसाळ्यात फरशीला दव सुटतं. स्टुलावर ठेवला तर ऐकूही नीट येतं, कारण स्पीकर गुडघ्याऐवजी कानाकडे बोलतो. बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. झाकायचा तो सुती कापडाने. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल आतच कोंडते आणि कोनवर बुरशी धरते. जून ते सप्टेंबर आठवड्यातून निदान दोनदा अर्धा तास चालू ठेवा, आतली ऊब ओल हाकलते. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला राहणाऱ्यांनी पाठीमागच्या मोकळ्या जागेत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि महिन्याने बदलावी. बंद पाठीच्या अॅम्पला तिची गरज तितकी नाही.

वायर हँडलमधून एक वळसा घालून मग जॅकला लावा. कोणी अडखळलं तरी ओढ हँडलवर येते. काटकोनी प्लगची वायर अॅम्पच्या बाजूला लावली तर तरफही लहान होते. सरावाला ३ मीटरची पुरे. जॅकचा नट दर दोन महिन्यांनी बोटाने तपासा. फिरत असेल तर प्लग आत ठेवून, पान्याने, अर्धा फेरा. जास्त आवळला तर प्लॅस्टिकचा आटा जातो.

बिघडलाच तर

आधी वायर बदला. मग गिटार बदला. आवाज गेलेल्या बऱ्याच अॅम्पची गोष्ट इथेच संपते.

हेडफोन काढल्यावर स्पीकर परत आला नाही, तर जॅकमधली स्विचची पट्टी काळी पडली आहे. अॅम्प बंद करून प्लग काढा, जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक छोटा फवारा मारा आणि हेडफोनचा प्लग वीस वेळा आत-बाहेर करा. अर्धा तास सुकू द्या. सेंड-रिटर्न (बाहेरचे इफेक्ट जोडायचे दोन जॅक) असलेल्या अॅम्पमध्ये हाच दोष त्या जॅकना होतो: दोन्हींच्या मध्ये एक छोटी वायर लावून आवाज परत आला, तर रिटर्नचा जॅक साफ करायचा आहे एवढंच, बाकी अॅम्प ठणठणीत आहे. दुरुस्तीला जाण्याआधी ही चाचणी जरूर करा.

पॉटची खरखरही क्लीनरनेच जाते, पण तो पॉटच्या पाठीच्या छोट्या फटीत गेला पाहिजे. नॉबच्या वरून मारला तर दांड्याचं ग्रीस धुऊन निघतं आणि पॉट सैल फिरायला लागतं. यासाठी पाठ उघडावी लागते: प्लग काढून दहा मिनिटं थांबा, मग स्क्रू. प्रत्येक पॉट फवारल्यावर तीस वेळा फिरवा. गंज काढायचा साधा तेलकट स्प्रे इथे वापरू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो. खरखर आठवडाभरात परत आली तर पॉटच बदला. जुन्या पॉटवर छापलेला ओहमचा आकडा आणि अक्षर वाचून तसंच मागा. त्यातलं ए किंवा बी अक्षर महत्त्वाचं आहे. व्हॉल्यूमला बहुतेक ए लागतं. तिथे बी बसवलं की शून्य ते एकमध्येच सगळा आवाज येऊन बसतो.

अॅम्प गरम झाल्यावर आवाज जातो आणि गार झाल्यावर परत येतो, हा ड्राय सोल्डरचा किंवा आयसी आणि त्याच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीमधली पेस्ट सुकल्याचा प्रकार. कारागिराला हे लक्षण याच शब्दांत सांगा, त्याचा तास वाचेल. पॉवर आयसीचे पाच पाय आणि जॅकचे पाय पुन्हा सोल्डर करायला सांगा, पेस्ट नवी लावायला सांगा.

फ्यूज गेला तर त्यावर छापलेला आकडा आणि आधीचं 'टी' हे अक्षर बघून तसाच आणा. 'टी' म्हणजे हळू उडणारा; चालू करतानाचा पहिला झटका तो सोसतो. त्याजागी जलद उडणारा 'एफ' बसवला तर निर्दोष अॅम्पचाही उडत राहतो. नवा फ्यूज लगेच गेला तर तिसरा घालू नका, आणि तांब्याची तार तर कधीच नाही. डायोड किंवा आयसी शॉर्ट झालेला आहे. तो काढून मोजेपर्यंत अॅम्प प्लगला लावू नका.